खाली बसल्यावरही वर राहणारी पॅन्ट: मुलांसाठी आणि स्वतःसाठी घरी शिवताना

माझा मुलगा जेवायला मांडी घालून बसला की त्याचा एक हात ताटाकडे आणि दुसरा पाठीमागे जायचा. पॅन्ट मागून घसरायची आणि तो ती वर ओढायचा. विकत आणलेल्या तिन्ही पॅन्टींची हीच तऱ्हा. उभा राहिला की व्यवस्थित, बसला की कंबर उघडी. सासूबाईंनी एकदा त्यातली एक पॅन्ट हातात घेतली, उलटी केली, मधली शिवण बोटानं पुढून मागपर्यंत चाचपत नेली आणि म्हणाल्या, "अगं, हिला मागे आसनच सोडलेलं नाही. खाली बसणारं पोर ते. पॅन्ट वर राहील कशी?"

तेव्हापासून घरातल्या पॅन्टी मी घरीच शिवते. आधी मुलाच्या, मग मुलीच्या, मग स्वतःच्या. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. पॅन्टीत बाकी सगळ्या शिवणी सरळ असतात, त्या कुणालाही जमतात. कस लागतो तो आसनात. दोन्ही पायांच्या मधून जाणारी, पुढच्या कंबरेपासून मागच्या कंबरेपर्यंतची ती गोलाई म्हणजे आसन. ती नीट बेतली की पॅन्ट अंगावर बसते. पुढचं सगळं सांगताना मी वारंवार तिथेच येणार आहे.

इथे जी पॅन्ट सांगते आहे ती इलॅस्टिकची आहे. चेन नाही, बटण नाही, पट्टा नाही. पुढचे दोन भाग, मागचे दोन भाग, झालं. ब्लाउज शिवायची भीती वाटणाऱ्या बाईलाही ही दोन दुपारींत होते.

सुरुवात लहान मुलाच्या पॅन्टीनं करा

पहिलीच पॅन्ट स्वतःची शिवायला घेऊ नका. मुलाच्या पॅन्टीला मीटरभर कापड लागतं, अंगात वळणं कमी असतात आणि थोडं इकडेतिकडे झालं तरी चालून जातं. शिवाय पाच-सहा वर्षांचं मूल स्वतः कापड निवडतं आणि मग ती पॅन्ट अंगावरून काढू देत नाही. दोन-तीन पॅन्टी झाल्या की हात बसतो आणि मग स्वतःच्या कापडाला कात्री लावताना धीर येतो.

मशीन कोणतंही चालेल. पायानं चालवायचं जुनं काळं मशीन, ज्यावर फक्त सरळ टीप पडते, त्यावर उत्तम पॅन्ट होते. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, डेनिमसारख्या जाड कापडाला १६, मलमलीसारख्या तलम कापडाला ११. सुई बोथट झाली की टीप सुटायला लागते आणि आपण मशीनला दोष देत बसतो. दर दोन-तीन कपड्यांनंतर ती बदला, काही रुपयांचं काम आहे. याखेरीज टेप, खडू, टाचण्या, खाकी कागद, कापडाची वेगळी कात्री आणि कागदाची वेगळी. कापडाच्या कात्रीला घरात कुणी कागद लावणार नाही असं सांगून ठेवा.

कापड

पहिल्या पॅन्टीसाठी न ताणलं जाणारं, न घसरणारं सुती कापड घ्या. पॉपलीन, केंब्रिक, जाडसर खादी, हातमागाचं सुती कापड, यातलं काहीही. सॅटिन, जॉर्जेट, रेयॉन नंतर. रेयॉन दिसायला छान पडतं, पण कापताना जमिनीवर पाण्यासारखं पसरतं आणि माप हरवतं. मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये किंवा पुण्याच्या तुळशीबागेजवळच्या दुकानांत गेलात तर दुकानदाराला आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. पन्हा साधारण ४४ इंची असतो किंवा ५८ इंची, आणि किती कापड लागेल ते त्यावरच ठरतं.

पाच वर्षांच्या मुलाची पूर्ण लांबीची पॅन्ट ४४ इंची पन्ह्यात एका मीटरमध्ये होते, खिशालाही कापड उरतं. मोठ्या बाईला त्याच पन्ह्यात सव्वादोन ते अडीच मीटर लागतं, कारण पुढचा आणि मागचा भाग शेजारी-शेजारी मावत नाहीत, एकाखाली एक ठेवावे लागतात. ५८ इंची पन्हा असेल तर एक भाग उलटा फिरवून बसवता येतो आणि मध्यम अंगाच्या बाईचं दीड-पावणेदोन मीटरमध्ये भागतं. मात्र छपाईतली फुलं किंवा हत्ती एकाच दिशेनं उभे असतील तर भाग उलटा ठेवता येत नाही, नाहीतर एका पायावरचे हत्ती डोक्यावर उभे राहतात. अशा कापडाला जास्त मीटर घ्या. जुनी सुती साडी, चादर किंवा बाबांचा लेंगा यांतूनही मुलांच्या पॅन्टी सुरेख होतात. धुऊन धुऊन मऊ झालेलं ते कापड आटायचंही राहिलेलं नसतं.

नवं कापड मात्र आटतंच. मी एकदा घाईत कापड न धुता शिवलं. दुसऱ्या धुण्यानंतर पॅन्ट घोट्याच्या बरीच वर गेली आणि आसन आखडलं. लांबी गेली तर खालून पट्टी लावता येते, पण आखडलेल्या आसनाला काही करता येत नाही. म्हणून कापड आणलं की रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, न पिळता वाळवा आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करा. रंग जाणार असेल तर तोही इथेच कळतो.

मापं

मूल एका जागी उभं राहत नाही, म्हणून मापं मोजकीच घ्या, पण नीट घ्या. कंबर आणि सीट, म्हणजे नितंबाच्या सर्वांत भरलेल्या जागेचा घेर. कमरेपासून घोट्यापर्यंतची बाजूची लांबी. आणि चौथं माप आसनाचं. मुलाला सपाट, कडक स्टुलावर ताठ बसवा, कमरेला नाडी बांधा आणि त्या नाडीपासून स्टुलापर्यंतचं अंतर बाजूनं मोजा. उदाहरणासाठी मी माझ्या वहीतली मापं घेते. कंबर २१ इंच, सीट २३, लांबी २५, आसन सव्वासात.

आणखी एक माप मी घेते, जे पुस्तकांत फारसं दिसत नाही. पुढच्या कमरेपासून पायांच्या मधून मागच्या कमरेपर्यंत टेप नेते आणि मुलाला मांडी घालून बसायला सांगते. उभ्यापेक्षा बसल्यावर टेप मागून किती जास्त मागतो ते कळतं. मुलांना साधारण एक ते दीड इंच, मोठ्यांना त्याहून जास्त. बहुतेक तयार नमुने, म्हणजे ज्यांवरून कापड कापायचं ते कागदी आकार, खुर्चीवर बसणाऱ्या लोकांच्या देशांतून आलेले असतात. आपण जेवायला, भाजी निवडायला, पूजेला, अभ्यासाला खाली बसतो. तो फरक मागच्या आसनात घालावा लागतो, आणि तो आपल्यालाच घालावा लागतो.

नमुना: तीन वाटा

आपल्याकडे शिवणक्लासात प्रत्येक अंगाचं माप घेऊन खाकी कागदावर नवं ड्राफ्टिंग, म्हणजे नमुन्याची आखणी, करायला शिकवतात. वेगवेगळ्या मापांत तयार कागदी नमुने विकायची पद्धत अमेरिकेतली. मॅसॅच्युसेट्समधल्या एबेनेझर बटरिक या शिंप्यानं १८६३ मध्ये ती सुरू केली. आता असे नमुने पीडीएफमध्ये मिळतात, कितीतरी फुकटही. दोन्ही पद्धतींचं आपापलं बळ आहे. तयार नमुन्यात गोलाया तज्ज्ञांनी काढलेल्या असतात, आणि स्वतःच्या ड्राफ्टिंगमध्ये अंग आपलं असतं.

तयार नमुना वापरणार असाल तर छापताना पानाचा आकार १०० टक्के ठेवा. 'पानात मावेल असं छापा' हा पर्याय चुकून सुरू राहिला की सगळा नमुना थोडा लहान छापला जातो आणि ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून पहिल्या पानावर तपासणीचा एक चौकोन असतो. तो पट्टीनं मोजा, तो बरोबर आला तरच पुढची पानं छापा. मग पानं खुणेला खूण लावून चिकटवा.

माप निवडताना वयाकडे पाहू नका. '५ वर्षं' असं लिहिलेला नमुना कुणाच्या पाच वर्षांच्या मुलाचा आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. युरोपातल्या नमुन्यांवर मुलांची मापं उंचीनं लिहिलेली असतात. ९८, १०४, ११०, ११६, म्हणजे तितके सेंटिमीटर उंच मूल. शाळेत जाणारं मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, म्हणजे दर वर्षी जवळपास एक माप. आपली बरीच मुलं उंचीला एका मापात आणि सीटला त्याच्या खालच्या मापात बसतात. तेव्हा रुंदी सीटच्या मापाची घ्या आणि लांबी व आसन उंचीच्या मापाचं. एकावर एक छापलेल्या रेघांमधून एका रेघेवरून दुसरीवर हळूहळू सरकत जायचं असतं. मूळ छापलेला कागद कापू नका. त्यावर पातळ कागद ठेवून आपलं माप उतरवून घ्या, पुढच्या वर्षी तोच कागद पुन्हा लागणार आहे.

शिवणीसाठीची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड, नमुन्यात धरलेली आहे की नाही ते कापण्याआधी वाचा. काही नमुन्यांत दीड सेंटिमीटर माया धरलेली असते, काहींत मुळीच नसते. हे न पाहता कापलं तर पॅन्ट एक तर ढगळ होते, नाहीतर चढतच नाही.

दुसरी वाट म्हणजे अंगाला छान बसणाऱ्या जुन्या पॅन्टीवरून नमुना काढणं. पॅन्ट उलटी करा, एक पाय दुसऱ्या पायात घाला म्हणजे आसनाची गोलाई पूर्ण दिसते. पुढची बाजू कागदावर सपाट ठेवून कडेनं रेघ मारा, मग मागची. इलॅस्टिकपाशी कापड चुण्यांत गोळा झालेलं असतं. ते पूर्ण ताणून, टाचण्यांनी कागदाला टाचून मगच रेघ मारा. हे राहून गेलं तर कंबर इतकी अरुंद निघते की पॅन्ट सीटवरून वर जात नाही.

तिसरी वाट, मापावरून आखणं. वर दिलेल्या मापांचा पुढचा भाग असा आखायचा. कागदावर २५ इंचांची उभी रेघ मारा, ही बाजूची शिवण. तिच्या वरच्या टोकाला काटकोनात आडवी रेघ, ही कंबर. कमरेपासून आठ इंच खाली दुसरी आडवी रेघ, ही आसनाची. सव्वासात इंच आसन आणि पाऊण इंच सैल. सीट २३ मध्ये पाच इंच ढिलाई मिळवली की २८, त्याचा चौथा हिस्सा सात. आसनाच्या रेघेवर बाजूपासून सात इंचांवर खूण करा आणि तिथून कमरेपर्यंत सरळ उभी रेघ न्या. आता आसनाची रेघ खुणेच्या पुढे दीड इंच वाढवा. या दीड इंचाच्या टोकापासून गोलाई काढत उभ्या रेघेला दोनेक इंच वर नेऊन मिळवा. खाली मोहरी, म्हणजे पायाचं खालचं तोंड, साडेपाच इंच घ्या आणि दीड इंचाच्या टोकाला सरळ जोडा.

मागचा भागही असाच, फक्त तीन फरक. आसन दीड इंचाऐवजी तीन इंच पुढे जातं. मोहरी साडेसहा इंच. आणि मधली उभी रेघ कमरेपाशी पाऊण इंच बाजूच्या शिवणीकडे झुकवून सव्वा इंच वर चढवायची, मग तिथून बाजूच्या कमरेपर्यंत तिरकी रेघ. ही वर चढवलेली सव्वा इंचाची जागा, सासूबाई म्हणाल्या होत्या ती हीच. मागची गोलाई पुढच्यापेक्षा लांब, पसरट आणि तिरकी दिसली पाहिजे. दोन्ही भाग शेजारी ठेवले आणि सारखे दिसले तर कुठेतरी चुकलं आहे.

या आखणीत माया नाही. सगळीकडे अर्धा इंच सोडा, वर नेफ्यासाठी, म्हणजे इलॅस्टिक ओवायच्या दुमडीसाठी, दीड इंच आणि खाली मोहरीला दोन-तीन इंच.

बेतणं आणि कापणं

कापड लांबीत दुमडा, सुलट बाजू आत, किनार किनारीला. नमुन्यावर कमरेपासून मोहरीपर्यंत एक सरळ बाण काढा, तो उभ्या धाग्याची दिशा दाखवतो. बाणाच्या वरच्या टोकापासून किनारीपर्यंतचं अंतर आणि खालच्या टोकापासूनचं अंतर टेपनं मोजा, दोन्ही सारखी हवीत. नुसत्या नजरेवर ठेवलं की धागा तिरका जातो, आणि दोन धुण्यांनंतर पॅन्टीची बाजूची शिवण पिंढरीवर गोल फिरून पुढे येते. बाजारातल्या स्वस्त पॅन्टींत हे नेहमी दिसतं, कारण तिथे कापड वाचवायला भाग तिरके बसवलेले असतात.

दुहेरी कापडावर कापलं की डावा-उजवा आपोआप निघतो. एकेरी कापडावर कापत असाल तर दुसऱ्या वेळी नमुना पालथा घाला, नाहीतर दोन्ही पाय डावेच निघतील. कापून झाल्यावर पुढच्या आसनाला कात्रीचा एक बारीक छेद द्या, मागच्या आसनाला दोन, म्हणजे पुढचा-मागचा भाग ओळखता येतो. सुती कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसत असतील तर चारही तुकड्यांच्या उलट बाजूला खडूनं फुली करा.

शिवण

आधी खिसे. तुकडा सपाट असताना खिसा लावणं सोपं, पाय शिवल्यावर तिथे मशीन पोचत नाही. मुलांच्या पॅन्टीला पाच बाय साडेपाच इंचांचा एक चौकोनी खिसा मागे किंवा मांडीवर पुरतो. वरची कड दुमडून टीप घाला, बाकीच्या तीन कडा अर्धा इंच आत दुमडून इस्त्री करा, टाचा आणि कडेला लागून टीप मारा. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत टीप मागे-पुढे करून पक्की करा. मुलं खिशात दगड भरतात, तो भार त्या दोन कोपऱ्यांवर येतो. गुडघ्यावर आतून दुसरा कापडाचा तुकडा लावायचा असेल तर तोही आत्ताच.

मग पुढचा आणि मागचा भाग सुलटीला सुलट ठेवून बाजूची शिवण, नंतर पायांच्या आतली शिवण. असे दोन पाय वेगवेगळे तयार होतात. दोन्ही पायांत आतल्या शिवणी मोहरीपासून आसनापर्यंत बरोबर पोचल्या पाहिजेत. मागचा भाग किंचित लांब वाटला तर हलक्या हातानं सामावून घ्या, उरलेलं कापड कात्रीनं छाटू नका.

आता आसन. एक पाय सुलट करा, दुसरा उलटाच ठेवा आणि सुलटा पाय उलट्याच्या आत घाला. सुलट बाजूंची तोंडं एकमेकांकडे येतात आणि आसनाची पूर्ण गोलाई एका सलग ओळीत समोर दिसते. पहिली टाचणी आतल्या दोन्ही शिवणी जिथे भेटतात तिथे लावा, मग पुढची कंबर, मागची कंबर, मग मधल्या जागा. पुढच्या कमरेपासून सुरुवात करून मागच्या कमरेपर्यंत एका दमात शिवा. गोलाईवर हळू चला, कापड ओढू नका, मशीनच्या पायाखालून ते स्वतः सरकू द्या. याच शिवणीला लागून, अष्टमांश इंच मायेकडे, दुसरी टीप घाला. पॅन्ट फाटते ती इथेच, उकिडवं बसताना. दुहेरी टिपेनंतर गोलाईच्या खालच्या भागात माया कापून पाव इंचावर आणा. ती तशीच जाड ठेवली तर मुलाला मांड्यांमध्ये टोचते.

कच्च्या कडांचं काय करायचं ते मशीनवर आहे. झिगझॅग असेल तर झिगझॅग, नाहीतर जवळच्या पिको-फॉलवाल्याकडून इंटरलॉक करून, म्हणजे कडा दोऱ्यानं बांधून, आणा, ते तुकडे कापल्यावर लगेच करून घेतलं तर सोपं पडतं. तलम कापडाला मी बाजूच्या शिवणी दोनदा शिवते. आधी उलटीला उलट ठेवून सुलट बाजूनं पाव इंचावर टीप, माया बारीक छाटायची, मग पालथं घालून पुन्हा पाव इंचावर. कच्ची कड आत बंद होते, बाळाच्या अंगाला धागा लागत नाही.

नेफा आणि इलॅस्टिक

वरची कड पाव इंच आत दुमडून इस्त्री करा, मग सव्वा इंच दुमडा आणि पुन्हा इस्त्री करा. हा नेफा एक इंची इलॅस्टिकसाठी आहे. खालच्या कडेला लागून गोल टीप घाला आणि मागे दोन इंच जागा उघडी सोडा. इलॅस्टिकची लांबी मुलाच्या कमरेपेक्षा दीड-दोन इंच कमी, अधिक जोडायला एक इंच. आमच्या २१ इंच कमरेला मी वीस इंच कापते. पण मऊ इलॅस्टिक आणि कडक इलॅस्टिक सारखं ताणत नाही, म्हणून आधी ते मुलाच्या कमरेला गुंडाळून बघा. खेळून आलेल्या मुलाच्या पोटावर संध्याकाळी लाल वळ उठलेला दिसला तर इलॅस्टिक तंग आहे, ते लगेच बदला. लहान मूल सांगत नाही, सारखं पोटाशी हात नेतं.

एका टोकाला सेफ्टी पिन लावून इलॅस्टिक नेफ्यातून ओवा, दुसरं टोक नेफ्याला टाचून ठेवा म्हणजे ते आत पळून जाणार नाही. बाहेर आलं की वाटेत कुठे पीळ पडला नाही ना ते बोटं फिरवत तपासा. दोन्ही टोकं एक इंच एकमेकांवर चढवा, चौकोनी टीप घालून आत फुली मारा. उघडी जागा बंद करण्याआधी त्या जागेत पट्टीचा एक छोटा तुकडा दुमडून अडकवा. मुलाला मागची बाजू ओळखता येते आणि ते स्वतःचं स्वतः घालायला लागतं. शेवटी चुण्या सारख्या पसरून दोन्ही बाजूंच्या शिवणींवर नेफ्यातून उभी टीप घाला, म्हणजे इलॅस्टिक आत गुंडाळत नाही. लहान मुलांच्या कमरेला लोंबणारी लांब नाडी ठेवू नका. घसरगुंडीवर ती अडकते. शोभेला हवी असेल तर पुढे गाठ मारून शिवून टाका.

मोहरी शेवटी, आणि मुलाच्या अंगावर पॅन्ट घालूनच. खुणेवर दुमडा आणि शिवा. जास्तीचे दोन इंच आतच राहू द्या.

स्वतःची पॅन्ट

पद्धत तीच, पण इथे कच्ची पॅन्ट करून बघितल्याशिवाय चांगल्या कापडाला कात्री लावू नका. मांजरपाट स्वस्त मिळतं, किंवा जुनी चादर घ्या. खिसे, नेफा, मोहरी काही नको, मोठ्या टाक्यानं नुसते चार भाग जोडा. अंगात घालून कमरेवर इलॅस्टिक बाहेरून बांधा आणि आरशासमोर उभ्या राहा, बाजूनंही बघा.

कापड कुठे तंग आहे ते चुण्यांवरून कळतं. पुढे आसनापासून मांड्यांकडे मिशांसारख्या चुण्या जात असतील तर आसनाची पुढे गेलेली जागा कमी पडते आहे, पुढच्या भागाचं टोक अर्धा इंच वाढवा. पोटावर कापड आडवं ताणलं जाऊन पुढची कंबर खाली येत असेल तर पुढची मधली रेघ वर चढवा, अर्धा ते एक इंच. बाळंतपणानंतर आपल्यातल्या बहुतेकींना हे लागतं. सीटच्या खाली मागे कापड लोंबत असेल तर मागच्या आसनाचं टोक थोडं कमी करा. सीटवर आडवे ताण असतील तर बाजूच्या शिवणी सोडून रुंदी वाढवा, आसनाला हात लावू नका. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा घालून बघा. दोन बदल एकदम केले की कशानं काय सुधारलं ते कळत नाही.

मग खाली बसा. मांडी घाला, झाडू मारताना वाकतो तशा वाका, दोन पायऱ्या चढा. मांडी घातल्यावर मागचं कापड इलॅस्टिकखालून किती खाली ओढलं गेलं ते मैत्रिणीला किंवा मुलीला मोजायला सांगा. माझं पावणेदोन इंच आलं होतं. तेवढी जागा मागच्या भागात अशी घालायची. नमुन्यावर सीटच्या पातळीत मधल्या शिवणीपासून बाजूच्या शिवणीपर्यंत आडवी रेघ मारा. त्या रेघेवर कागद कापा, पण बाजूच्या शिवणीपाशी दोऱ्याइतका जोडलेला राहू द्या. मध्याकडे कागद हवा तेवढा उघडा आणि खाली दुसरा कागद ठेवून चिकटवा. बाजूची लांबी तेवढीच राहते, फक्त मागचा मध्य वाढतो. तुटलेली मधली रेघ पुन्हा सलग गोलाईत काढून घ्या. हा बदल केल्यावर मी पहिल्यांदा शेंगा सोलायला खाली बसले आणि कुर्ता मागे ओढायला हात गेलाच नाही.

मोठ्यांच्या पॅन्टीला खिसा बाजूच्या शिवणीत घाला. उघडी जागा सहा-साडेसहा इंच, खोली मोबाईल पूर्ण आत जाईल इतकी, आणि खिशाच्या पिशवीची वरची कड नेफ्यात अडकवा. नुसता शिवणीला लटकलेला खिसा मोबाईलच्या वजनानं पॅन्ट एका बाजूला ओढतो. पुढून सपाट आणि फक्त मागे इलॅस्टिक हवं असेल तर तेही जमतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या पॅन्टीला. चेनची पॅन्ट त्याच्याही नंतर.

होजिअरीच्या, म्हणजे बनियनसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाची रात्रीची पॅन्ट शिवायची झाली तर बॉलपॉइंट, म्हणजे गोल टोकाची सुई घ्या आणि किंचित झिगझॅगनं शिवा. सरळ टीप ताणली की तुटते. ढिलाई कमी धरा, कापड स्वतःच ताण देतं.

नमुना जपून ठेवताना

अंगाला बसलेला नमुना जाड कागदावर उतरवा आणि त्यावर नाव, तारीख, कंबर, सीट, लांबी आणि केलेले बदल लिहा. वरच्या कोपऱ्यात भोक पाडून नाडीनं कपाटाच्या आत टांगा, घडी घातली की घडीच्या रेषेवर माप हलतं. मुलाचा नमुना दर वर्षी नव्यानं काढावा लागत नाही. लांबी वाढवायची तर गुडघ्याच्या पातळीवर कागद कापून उघडा, मोहरीकडे वाढवू नका, नाहीतर पायाचा आकार बिघडतो. आसन मात्र दर वर्षी स्टुलावर बसवून पुन्हा मोजा.

आणि पॅन्ट आखूड झाली की मोहरीची टीप उसवा, आतले दोन इंच बाहेर काढा. जुन्या घडीची फिकट रेघ तिथे राहतेच, कितीही इस्त्री केली तरी. मुलीच्या पॅन्टीवर मी त्या रेघेवर बारीक लेस लावते, मुलाच्या पॅन्टीवर खिशाच्याच कापडाची पट्टी. लावताना पट्टी आधी भिजवून वाळवा, नाहीतर ती आटते आणि मोहरीला चुण्या पडतात.